न्यायाचे माप : जोनाथन एडवर्ड्स यांचे चरित्र

देवाच्या क्रोधावर उपदेश ऐकून कैक वर्षे झाली, अशी तक्रार आपल्या मंडळ्यांतील वडीलधारी माणसे अधूनमधून करीत असतात. तसला उपदेश पुन्हा कानी न पडलेलाच बरा, असे तरुणांचे म्हणणे असते. दोघांच्याही डोळ्यांपुढे उपदेशक मात्र एकच असतो : व्यासपीठावर मुठी आपटणारा, घसा ताणून नरकाचे वर्णन करणारा. गंमत अशी की, या संदर्भात ज्या उपदेशाचे नाव सर्वांत आधी घेतले जाते तो देणाऱ्या पाळकांना घसा ताणता येतच नव्हता. उंच व किडकिडीत बांधा, बारीक आवाज, नेहमीची नाजूक प्रकृती, आणि हातातल्या कागदावरून वाचण्याची सवय. त्यांचे नाव जोनाथन एडवर्ड्स. देवाचा न्याय शिकविणाऱ्या या मनुष्यास त्या न्यायाचे माप आपल्या भोवती किती लावता आले, आणि कोठे लावता आले नाही, हे त्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. म्हणून ते आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आजच्या अमेरिकेच्या ईशान्य भागाला न्यू इंग्लंड म्हणतात. धर्मासाठी इंग्लंड सोडून समुद्रापार गेलेल्या प्युरिटन लोकांनी तेथे वसाहती केल्या होत्या, आणि त्या काळी त्यांवर इंग्लंडच्या राजाचा अंमल होता. या प्रदेशातील ईस्ट विंडसर नावाच्या गावी ५ ऑक्टोबर १७०३ रोजी एडवर्ड्स यांचा जन्म झाला. वडील तेथील पाळक. आईचे वडील सॉलोमन स्टॉडर्ड हे नॉर्थॅम्प्टनचे पाळक, आणि त्या सबंध भागात त्यांच्या शब्दाला मोठे वजन. अकरा भावंडांत मुलगा हा एकच, बाकी दहा बहिणी. तेरा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा मुलगा कॉलेजात गेला. हेच कॉलेज पुढे येल या नावाने प्रसिद्ध झाले. १७२० साली तेथील अभ्यासक्रम संपला.

या तरुणाला कोळ्यांचा विलक्षण नाद होता. रानातला लहानसा कोळी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर हवेतून कसा जातो, धागा सोडून वाऱ्यावर कसा तरंगतो, हे तो तासन्‌तास बघत राही. १७२३ साली त्याने या निरीक्षणांवर एक सुरेख पत्रही लिहिले. हा कोळी वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

देवाच्या न्यायाविषयी एडवर्ड्स यांचे मन सुरुवातीपासून तयार होते असे मात्र नाही. देव आपल्या इच्छेप्रमाणे कोणाला तारतो आणि कोणाला त्याच्या पापात नाशाकडे जाऊ देतो, ही शिकवण लहानपणी त्यांना भयंकर वाटे. मेघगर्जना झाली की तर त्यांचा थरकाप उडे. पुढे हा विरोध मावळला. कसा मावळला, हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आले नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे सतरावे वचन वाचताना देवाच्या थोरवीची गोडी प्रथम मनास लागली, एवढे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यानंतर ढग दाटून आले की ते मुद्दाम मोकळ्या जागी जाऊन बसत आणि विजांचा खेळ आनंदाने पाहत. मार्टिन ल्यूथर यांनाही १५०५ साली विजेच्या कडकडाटाने असेच घाबरविले होते, आणि त्या भीतीपोटी ते मठात गेले. एडवर्ड्स यांची भीती वेगळ्या मार्गाने गेली. देव ज्यावर रागावतो ते रागावण्याजोगेच असते, आणि असा न्यायी देव असणे ही सृष्टीला लाभलेली सर्वांत सुंदर गोष्ट आहे, अशी त्यांची खात्री झाली. ही खात्री ध्यानी घेतली नाही तर त्यांचा एकही उपदेश नीट समजत नाही.

१७२७ साली ते नॉर्थॅम्प्टन येथे आजोबांचे साहाय्यक पाळक झाले. त्याच वर्षी सारा पिअरपाँट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना अकरा मुले झाली. १७२९ साली स्टॉडर्ड निवर्तले आणि मंडळीचा सगळा भार या पंचवीस वर्षांच्या तरुणावर पडला. दिवसाचे तेरा तास ते अभ्यासाच्या खोलीत घालवीत. घरोघर भेटी देणे त्यांना जमत नसे; कोणी आत्म्याच्या चिंतेने दारी आला तर त्याच्यासाठी मात्र वेळ असे. भेटीला न येणाऱ्या पाळकाविषयी लोक काय बोलतात हे आपल्याकडील पाळकांना आम्ही सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदविली पाहिजे. १७३१ साली एडवर्ड्स न्यूपोर्ट बंदरात गेले आणि ८० पौंड देऊन त्यांनी व्हीनस नावाची एक आफ्रिकी मुलगी विकत घेतली. तिचे वय सुमारे चौदा वर्षांचे होते. खरेदीचा कागद आजही आहे. त्या प्रांतातील सुखवस्तू पाळक, व्यापारी, न्यायाधीश घरात गुलाम ठेवीत, आणि त्यात कोणाला फारसे काही वाटत नसे.

दोनच वर्षांनी, १७३३ साली, याच पाळकांनी गरिबांना साहाय्य करण्याच्या कर्तव्यावर एक उपदेश दिला. वचन होते अनुवादाच्या पंधराव्या अध्यायातील. तो माणूस आळशी आहे, त्याने आपल्या हाताने हे ओढवून घेतले, आमच्यापाशीच जेमतेम आहे, अशी जी कारणे लोक पुढे करतात ती एकेक घेऊन त्यांनी खोडून काढली. तो उपदेश आजही वाचवत नाही, इतका तो खिशाला झोंबतो.

१७३४ च्या अखेरीस नॉर्थॅम्प्टनात मोठी जागृती झाली. त्या दिवसांतील त्यांच्या उपदेशांपैकी एकाचा विषयच पाप्यांना दंड देण्यातील देवाचा न्यायीपणा हा होता. वचन रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचे एकोणिसावे. न्यायासनापुढे प्रत्येक तोंड बंद होते, ही पौलाची गोष्ट त्यांनी धरली. मनुष्य देवापुढे हक्क सांगू लागला की कृपा उरत नाही, व्यवहार उरतो. देवाने मला तारले नसते तरी तो न्यायीच ठरला असता, हे ज्याला उमगले त्यालाच तारण हे दान वाटते. या उपदेशाचा परिणाम आपल्या इतर उपदेशांपेक्षा अधिक झाला, असे एडवर्ड्स यांचे मत होते. सुमारे सहा महिन्यांत तीनशेहून अधिक माणसांचे मनःपरिवर्तन झाल्याचा त्यांचा अंदाज होता. गावातल्या गुत्त्यांत शुकशुकाट झाला आणि पाळकांच्या घरी रीघ लागली.

पण १७३५ च्या जूनमध्ये जोसेफ हॉली नावाच्या व्यापाऱ्याने आत्महत्या केली. हे एडवर्ड्स यांच्या मावशीचे यजमान. आपल्या आत्म्याचे काय होणार या विवंचनेने त्यांची झोप उडाली होती, आणि आपणांस क्षमा नाही असे मनाने घेतले होते. त्यानंतर इतरही काही जणांच्या मनात तसलेच विचार येऊ लागले आणि जागृती ओसरली. एडवर्ड्स यांनी ही घटना लपविली नाही. जागृतीच्या वृत्तांतात त्यांनी ती स्वतः लिहिली. त्या घराण्यातच उदासीनतेचा विकार होता, आणि सैतानाने ती संधी साधली, असे त्यांनी कारण दिले. विकाराची गोष्ट खरी असेल. तरी आम्हांला असे वाटते की, ज्या व्यासपीठावरून हॉली प्रत्येक रविवारी न्यायाचे शब्द ऐकत होते त्याच्याकडेही हिशेबातला काही भाग येतो. दुखणाईत मनाच्या श्रोत्याला क्रोध तेवढा ऐकू येतो आणि त्यापुढील वाक्य ऐकूच येत नाही, हा अनुभव आपल्या मंडळ्यांनाही नवा नसावा.

यानंतर १७४० साली इंग्लंडचे जॉर्ज व्हिटफील्ड न्यू इंग्लंडात आले आणि सर्व वसाहतींत जागृतीची लाट उसळली. शेजारच्या एन्फील्ड गावावर मात्र तिचा काही परिणाम दिसत नव्हता. ८ जुलै १७४१ रोजी एडवर्ड्स तेथे गेले, आणि पूर्वी आपल्याच मंडळीत दिलेला एक उपदेश त्यांनी पुन्हा दिला. वचन होते अनुवादाच्या बत्तिसाव्या अध्यायाचे पस्तिसावे. मोशेच्या गीतातले ते वचन. त्यात सूड घेणे देवाचे आहे आणि दुष्टांचा पाय नेमल्या वेळी घसरेल असे सांगितले आहे.

एडवर्ड्स यांनी घसरणाऱ्या पायावर सगळा भर दिला. निसरड्या जागी उभ्या असलेल्याला ढकलावे लागत नाही. तो आपल्याच वजनाने पडतो. तो अजून पडला नाही, याचे कारण त्याची प्रकृती नव्हे, हुशारी नव्हे. देव त्याला हातात धरून आहे. मग एकामागून एक चित्रे आली : बांधामागे चढत जाणारे पाणी, दोरी ताणून रोखलेला बाण, आणि जाळावर धरलेला कोळी. लहानपणी वाऱ्यावर तरंगताना पाहिलेला कोळी येथे असा आला. लोकांना जाळ लक्षात राहिला. उपदेश शांतपणे वाचला तर मात्र हाताचा उल्लेख पुन्हा पुन्हा भेटतो : पाणी अडविणारा हात, बाण रोखणारा हात, कोळ्याला खाली पडू न देणारा हात. शास्त्रात देवाला मंदक्रोध म्हटले आहे, त्या शब्दाचा हा एक अर्थ आहे. प्रत्येक श्वास हा आवरून धरलेल्या क्रोधाच्या सवलतीचा श्वास आहे. शेवटी दयेचे दार आज उघडे आहे, आत या, असे आमंत्रण होते.

त्या आमंत्रणापर्यंत नीट पोहोचता आले नाही. लाँगमेडोचे पाळक स्टीव्हन विल्यम्स त्या सभेत हजर होते; त्यांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे की, लोकांचा आक्रोश इतका वाढला की उपदेशकांना थांबावे लागले. बारीक आवाजाच्या मनुष्याला रडण्यावर आवाज चढविता येईना. नंतर पाळक मंडळी लोकांत उतरली, ठिकठिकाणी त्यांच्याशी बोलली, आणि कित्येकांना त्याच रात्री समाधान लाभले.

या उपदेशाविषयी आमचे मत सांगावयाचे तर, त्यात वधस्तंभ फार थोडा दिसतो. क्रोध कोणी सोसला हे सांगावयास जितकी जागा हवी होती तितकी तेथे मिळाली नाही. दुसरी गोष्ट अशी की, मोशेचे हेच वचन पौलाने रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात घेतले आहे, पण वेगळ्या कामासाठी. सूड देवाचा आहे, म्हणून तुम्ही तो घेऊ नका. वैरी भुकेला असेल तर त्याला खाऊ घाला, असे पौल सांगतो. देवाचा क्रोध खरा मानला की मनुष्याच्या हातातले शस्त्र खाली ठेवावे लागते. एन्फील्डच्या उपदेशात ही बाजू आली नाही. तिची कसोटी एडवर्ड्स यांच्या आयुष्यात नऊ वर्षांनी आली.

एन्फील्डच्या आधी तीन वर्षे, १७३८ साली, करिंथकरांस पहिल्या पत्रातील प्रीतीच्या अध्यायावर त्यांनी पंधरा उपदेश दिले होते. शेवटच्या उपदेशात स्वर्ग म्हणजे निव्वळ प्रीतीचे जग असे वर्णन आहे. ते पुस्तकरूपाने निघाले १८५२ साली, त्यांच्या मृत्यूला नव्वदांवर वर्षे होऊन गेल्यावर. अमेरिकेतील शाळांच्या पाठ्यपुस्तकांत एन्फील्डचा उपदेश शिरला, हा नाही.

१७४७ साली डेव्हिड ब्रेनर्ड हा क्षयाने खंगलेला तरुण मिशनरी त्यांच्या घरी येऊन राहिला आणि ऑक्टोबरात तेथेच वारला. त्याची शुश्रूषा करणारी त्यांची सतरा वर्षांची मुलगी जेरूशा पुढच्या फेब्रुवारीत गेली. ब्रेनर्डची रोजनिशी एडवर्ड्स यांनी १७४९ साली छापली. ती वाचून ज्यांच्या मनात मिशनकार्याची ओढ अधिक दृढ झाली त्यांत विल्यम केरी होते. त्याच केरींनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि श्रीरामपूरहून मराठी नवा करार काढला.

आता नॉर्थॅम्प्टनचे प्रकरण. आजोबांच्या वेळेपासून तेथे सद्‌वर्तनी मनुष्याला, त्याने विश्वासाची साक्ष दिली नसली तरी, प्रभुभोजनास येऊ देत. एडवर्ड्स यांना हे पटेना. मनापासून केलेला अंगीकार हवा, असा त्यांनी आग्रह धरला. त्याआधी १७४४ साली काही तरुणांच्या वाह्यात वाचनाची चौकशी करताना दोषी आणि केवळ साक्षीदार अशा सर्वांची नावे एकत्र वाचून त्यांनी पुष्कळ घराण्यांना दुखविले होते. तेथे त्यांचा तोल गेला होता, असेच म्हटले पाहिजे. जून १७५० मध्ये मंडळीने मत दिले : बाजूने अवघे तेवीस, विरुद्ध दोनशेहून जास्त. तेवीस वर्षांच्या पाळकपणानंतर त्यांना काढून टाकण्यात आले. विरुद्ध पक्षाच्या पुढाऱ्यांत, आत्महत्या केलेल्या हॉलींचा मुलगा, तरुण जोसेफ हॉली होता.

१ जुलै रोजी त्यांनी निरोपाचा उपदेश दिला. पाळक आणि मंडळी न्यायाच्या दिवशी ख्रिस्तासमोर पुन्हा भेटतील, हा त्याचा विषय. त्यात शिव्याशाप नाहीत. आपले आणि त्यांचे भांडण निकालासाठी वर पाठवून ते खाली उतरले. नवा पाळक मिळेना, तेव्हा ज्यांनी काढले त्यांच्याच विनंतीवरून ते कित्येक रविवार त्याच व्यासपीठावर उभे राहिले. घरात खाणारी तोंडे अनेक, वय सेहेचाळीस, आणि नोकरी नाही. पुढे काही वर्षांनी हॉलीने स्वतःहून पत्र लिहून क्षमा मागितली, आणि १७६० साली आपला पश्चात्ताप जाहीरही केला.

१७५१ साली ते सरहद्दीवरील स्टॉकब्रिज येथे गेले. तेथे मूळ रहिवासी मोहिकन लोकांत मिशनचे काम होते, आणि मोहॉक लोकही मुलांच्या शिक्षणासाठी येऊ लागले होते. दुभाष्यामार्फत बोलताना एडवर्ड्स यांनी उपदेशाची धाटणीच बदलली. बीज, नदी, प्रकाश अशा साध्या गोष्टी घेऊन ते बोलत. मोहॉक पुढाऱ्यांपुढे त्यांनी स्वच्छ सांगितले की, आम्ही गोरे कोणत्याही बाबतीत तुमच्याहून चांगले नाही; आणि तुम्हांला अज्ञानात ठेवण्यात आमच्यापैकी कित्येकांचा फायदा होता.

हा फायदा कोण घेत होते तेही त्यांना लवकरच कळले. विल्यम्स हे तेथील बडे घराणे, एडवर्ड्स यांचे नातलग. मूळ रहिवाशांच्या जमिनी त्यांच्याकडे सरकत होत्या, शाळेसाठी इंग्लंडातून येणारा पैसा त्यांच्या आप्तांच्या हाती पडत होता, आणि मुले धड कपड्यालत्त्यावाचून, शिक्षणावाचून राहत होती. दिवसभर ग्रंथांत बुडालेल्या या पाळकांनी मग बॉस्टनला आणि लंडनला लांबलचक पत्रे लिहिली : किती रक्कम आली, कोणी घेतली, मुलांना काय मिळाले. नातलगांशी वैर पत्करले. १७५४ साली शाळेचा कारभार त्यांच्या हाती आला खरा, पण तोवर मोहॉक कंटाळून निघून गेले होते. त्यांच्या येण्याला विरोध करणाऱ्यांत एफ्रेम विल्यम्स नावाचा तरुण सेनाधिकारी होता. तो १७५५ साली लढाईत पडला. त्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांतून पुढे विल्यम्स कॉलेज निघाले. त्या कॉलेजातून १८०८ साली पदवी घेतलेले गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. ज्या घराण्याशी एडवर्ड्स भांडले त्याचा पैसा आणि ज्या विचारपरंपरेचे ते मूळ तिचा माणूस, असे दोन्ही आपल्या किनाऱ्याला एकत्र लागले.

त्यांचे मोठे तत्त्वज्ञानपर ग्रंथ याच आडगावात लिहून झाले. १७५८ च्या आरंभी प्रिन्स्टनच्या कॉलेजचे अध्यक्ष म्हणून ते गेले. गावात देवीची साथ होती. त्या काळी रोग्याच्याच पुळीतला द्रव टोचीत. विद्यार्थ्यांना धीर यावा म्हणून त्यांनी २३ फेब्रुवारीला टोचून घेतले, आणि त्यातच २२ मार्चला, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. त्यांची मुलगी एस्थर दोन आठवड्यांनी आणि पत्नी सारा ऑक्टोबरात वारली.

मृत्यूनंतर मालमत्तेची यादी झाली. तीत टायटस नावाचा एक आफ्रिकी मुलगा लिहिलेला आहे, गुरेढोरे ज्या सदरात मांडली आहेत त्या सदरात. एडवर्ड्स यांनी या प्रश्नाचा विचारच केला नव्हता असे म्हणण्याची सोय नाही. गुलाम ठेवल्याबद्दल एका पाळकावर त्याच्याच मंडळीतील लोकांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्या पाळकाच्या बाजूने त्यांनी टिपण लिहिले होते. आफ्रिकेतून नवी माणसे पकडून आणणे अन्याय आहे, हे त्यांनी त्यात मान्य केले. घरी असलेला गुलाम ठेवणे मात्र समर्थनीय मानले. पण व्हीनस आली होती ती त्याच व्यापाराच्या बंदरातून. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बंद झालेले तोंड येथे समर्थनासाठी उघडले होते. काळ तसा होता, हे उत्तर पुरे नाही. आक्षेप घेणारी माणसे त्याच काळातली होती.

सॅम्युएल हॉपकिन्स हे एडवर्ड्स यांच्या घरी राहून शिकलेले शिष्य. गुरूंचे पहिले चरित्र त्यांनीच १७६५ साली लिहिले. ते १७७० साली न्यूपोर्टला पाळक झाले. गुलामांची जहाजे त्यांच्या डोळ्यांदेखत बंदराला लागत, आणि त्या धंद्यावर जगणारे लोक त्यांच्याच उपासनेला बसत. गुरूंकडून शिकलेले न्यायाचे माप हॉपकिन्स यांनी तेथे लावले. १७७६ साली त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तक छापले, आणि बहुतेक धनिक सभासदांची नाराजी पत्करली.

एडवर्ड्स यांचा मुलगा, त्याचेही नाव जोनाथन, स्टॉकब्रिजला मोहिकन मुलांत खेळून वाढला. त्यांची भाषा त्याला इंग्रजीपेक्षा सोपी वाटे, आणि १७८८ साली त्याने तिच्यावर पुस्तक लिहिले. तोही पाळक झाला. १७९१ साली न्यू हेवन येथे, मत्तयाच्या सातव्या अध्यायाचे बारावे वचन घेऊन, त्याने गुलामांच्या व्यापारावर आणि गुलामगिरीवर उपदेश दिला. आपल्या वाडवडिलांनी अज्ञानाच्या काळात गुलाम ठेवले, त्याकडे देवाने डोळेझाक केली. आता मात्र पश्चात्तापाची आज्ञा सर्वांना आहे, असे त्याने सांगितले. टायटसचे नाव यादीत चढले तेव्हा हा मुलगा अजून पोरवयातच होता.